गुरुवारचा कांदा

आडनाव शिकलगार. आजा तलवारींना धार लावायचा म्हणतात,
बापानं कात्र्यांना लावली,
मी मिक्सरच्या पात्यांना.
खणभागात दुकान. पाटीवर लिहिलंय:
मिक्सर, गिझर, इस्त्री, कुकरचं हँडल.
खाली खडूनं: उधार बंद.

विश्रामबागेतून मगदूम अण्णांचा निरोप आला,
फ्रिज बघायला या.
म्हटलं, गॅस गेला असेल.
'गॅस नाही ओ,' अण्णा दारातच कुजबुजले,
'हळू बोला. ऐकतो तो.'

उभा होता स्वयंपाकघरात नव्या जावयासारखा ताठ,
छातीवर काच, काचेत हवामान:
सांगली, अंशतः ढगाळ.
शेजारी खिडकी होती.
तिच्यातही तेच दिसत होतं, फुकट.

पोरानं पाठवलेला. पोरगा हैदराबादेत.
इथं दार उघडलं की तिथं त्याच्या फोनवर टिंग.
दूध संपलं, टिंग. दार नीट लागलं नाही, टिंग टिंग.
आणि परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
बर्फीचा अर्धा तुकडा.
'अर्धाच,' अण्णा म्हणाले, 'भगवंताची शपथ.'
अडीचच्या आत फोन:
अण्णा, शुगर किती आहे तुमची?
चाळीस वर्षं दिवस मावळल्यावर तोंडात घास नाही,
अख्ख्या बस्तीला ठाऊक असलेला माणूस
स्वतःच्या घरात, पायजम्यावर, रंगेहाथ,
आणि तोंडात बर्फी, त्यामुळं नाही म्हणायचीही सोय नाही.

वर कांदा.
दर गुरुवारी तो आपणहून कांदा मागवतो, पाच किलो.
या घरात सात पिढ्यांत कांदा शिरलेला नाही.
पण फ्रिजच्या हिशेबात
कांदा नाही म्हणजे कांदा संपला.

'ह्याची जीभ काढा,' अण्णा म्हणाले.

मागचं झाकण खोललं. पोट तेच, जुनं ओळखीचं:
कॉम्प्रेसर, नळ्या, धूळ, एक मेलेलं झुरळ.
जीभ निघाली चिंचोक्याएवढी.
दाताचा डॉक्टर काढलेली दाढ देतो तशी
पुडी बांधून अण्णांच्या हातात दिली.
काचेवरची सांगली विझली.
गारवा होता तेवढाच राहिला.
दोनशे रुपये झाले. अण्णांनी वर एक बर्फी दिली,
उरलेली अर्धी असावी.

महिना गेला.
सकाळी शटर वर करायच्या आत अण्णा पायरीवर,
मुठीत पुडी.
'बसवा परत.'

का, ते विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारत नाहीत
कातर कशानं बोथट झाली ते.
तेच म्हणाले, पुडीचा दोरा सोडत,
'रात्री दार उघडतो. दिवा लागतो. बर्फी खातो.
कोण काय म्हणत नाही.'
रस्त्यावरून हळदीचा एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत थांबले.
'पोराचा फोन रविवारी येतो आता. दिवसा.
चांगला बोलतो. पाऊसपाणी विचारतो.'

बसवली. फ्रिजनं पासवर्ड मागितला.
अण्णांना कुठला आठवायला? हैदराबादला फोन लावला.
अर्धा तास चालला तो.
पासवर्ड पहिल्या दोन मिनिटांतच मिळाला होता.
मी आवळलेले स्क्रू पुन्हा आवळत बसलो.

पैसे नको म्हटलं. मजुरी वेगळीच ठरली:
गुरुवारी संध्याकाळी स्कूटीवरनं एक पोरगं येतं,
दुकानाच्या पायरीवर पाच किलो टाकून जातं.
बिल मगदूमांच्या नावावर.
आमच्या घरी हल्ली कांद्याची भाजी, कांद्याची चटणी,
आणि कांदेपोह्यात पोहे शोधावे लागतात.
बायको म्हणते,
तुमच्या त्या फ्रिजला सांगा की,
एखाद्या गुरुवारी
लसूण.